घासलेलं कार्ड आणि गाळ्याचा कर

भोसरी, गुरुवार

ती. सावळारामदाजी यांच्या सेवेशी,

धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे दत्तोबाचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. पाकीट हातात पडल्यावर तुम्ही आधी पाठीमागचं नाव बघाल, मग कुशाताईला हाक माराल, मग चष्मा शोधाल, हे मला इथे बसून दिसतंय. घाबरू नका, कोणी गेलेलं नाही, इकडे सगळे धडधाकट आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? भाड्याच्या खोल्यांचं प्लॅस्टर झालं का? ताईचा रक्तदाब, नव्या बोअरचं पाणी, आरोहीची कंपनीतली शिफ्ट आणि दारातली काळी कुत्री, सगळ्यांची खुशाली कळवावी. (कुत्रीला पिल्लं झाल्याचं विजयश्रीकडून कळलं. बायकांचे फोन चालू आहेत, ते आपल्या अबोल्यात धरायचे नाहीत.) भोसरीहून कुरुळीला यायला दुचाकीवर अर्धा तास लागतो, मोशीला अडकलं तर तासभर, हे मलाही ठाऊक आहे, तेव्हा पत्र कशाला लिहितोस असं म्हणू नका. पत्र लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण काल दिवसभर येरझाऱ्या घालून मी तो काढलाय आणि मला तो पटलाय.

आधीच स्पष्ट करतो की हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे, त्यात मागणं-बिगणं काही नाही. आज गुरुवार, एमआयडीसीला सुट्टी, मशिनं बंद. मशीन चालू असलं की मला आवाजाने बसवत नाही आणि बंद असलं की शांततेने बसवत नाही. सकाळपासून गाळ्याचं शटर उगाचच वर-खाली केलं, लेथला तेल दिलं, दिलेलं पुसलं, पुन्हा दिलं. विजयश्री डबा घेऊन आली तेव्हा म्हणाली, काय सारखं आत-बाहेर चाललंय, एका जागी बूड टेका की. म्हणून बूड टेकलंय आणि तुम्हाला लिहितोय. सोमवारी आमची मुदत संपते आणि मंगळवारी गाळ्याला सील लागेल की नाही, हे मला या घडीला ठाऊक नाही. या एका वाक्यापायी मला आठ दिवस झोप नाही.

गाळ्याचा मिळकतकर, दाजी. थकलेला. थकलेला म्हणजे मी बुडवलेला नाही, त्याला इतिहास आहे. सामान ठेवायला आपण जो पोटमाळा केला, तो बिलात वेगळा धरलेला दिसला आणि माझं डोकं फिरलं. मी अर्ज दिला की या माळ्यावर माणूस ताठ उभा राहू शकत नाही, (पुरावा म्हणून आमचा टर्नर माऊली उभा राहून बघत होता, त्याला टेंगूळ आलं, तेही अर्जात लिहिलं) तेव्हा हा मजला धरू नये. अर्जाचं उत्तर येईपर्यंत कर भरायचा नाही, असं मी ठरवलं. हे ठरवल्याचं त्यांना कळवायचं मात्र राहून गेलं. पुढे उत्तर आलं की माळा हा मजला म्हणून नव्हे, माळा म्हणूनच धरलेला आहे, आणि तसं बिलाच्या मागच्या बाजूला पहिल्या वर्षापासून छापलेलं आहे. मी बघितलं. होतं राव छापलेलं. पण बिलाची मागची बाजू कोण वाचतो? तोवर करावर व्याज चढलं, व्याजासकट तो आकडा एवढा झाला की वर्षालीने (आमच्या ऑफिसची मुलगी, हिशेब आणि कॉम्प्युटर तिच्याकडे असतो) मला तो खुर्चीत बसवून सांगितला. तो आकडा इथे लिहीत नाही, कारण तुम्हाला तो ठाऊक आहे. कसा ठाऊक, ते पुढे येईलच.

सील म्हणजे काय असतं ते आमच्या शेजारच्या बबनरावांना विचारा. त्यांनाही नोटीस होती. वसुलीची माणसं येताना दिसली की बबनराव मागच्या दाराने चहाला सटकायचे, हा त्यांचा तीन-चार वर्षांचा पक्का बंदोबस्त होता. गेल्या महिन्यात माणसं आली, आत कोणी नाही असं बघून त्यांनी रीतसर कुलूप लावलं, कागद चिकटवला आणि गेली. बबनराव चहा पिऊन आले तेव्हा त्यांचा डबा, चष्मा आणि चालू पंखा आत होता. पैसे भरून कुलूप निघेपर्यंत पंखा फिरत राहिला. (डब्यात मेथीची भाजी होती. पुढचं लिहीत नाही, तुम्ही जेवायला बसला असाल.) हसू येतं खरं, पण आमच्या गाळ्यात चाकणच्या कंपनीचा अर्धा तयार माल पडलाय आणि चार माणसांची चूल त्यावर आहे. दिवाळी तोंडावर आली आणि माऊली रोज सकाळी आल्या आल्या आधी शटरकडे बघतो, मग माझ्याकडे.

आता तुम्ही म्हणाल, खात्यातून भर आणि मोकळा हो. खात्याबद्दल तुम्हाला मी काय सांगावं, माझ्या खात्याची माहिती माझ्याआधी तुम्हाला असते. (याचाही विषय पुढे येईल, आत्ता सोडा.) चाकणची कंपनी पैसे देते, नाही असं नाही, पण नव्वद दिवसांनी देते, आणि ते नव्वद दिवस माल पोचल्यापासून नाही तर त्यांच्या साहेबाला आपलं बिल कॉम्प्युटरवर दिसल्यापासून धरतात. साहेबाला ते कधी दिसेल हे साहेबाच्या नजरेवर. तर पैसे येणार पुढच्या महिन्यात आणि कर भरायचा या महिन्यात. मधला महिना ओलांडायचा कसा, या विचारात मी गाळ्यात फेऱ्या मारत होतो आणि मला कपाटातल्या क्रेडिट कार्डाची आठवण झाली.

हे कार्ड मी मागितलेलं नव्हतं. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात आपल्या बँकेतून एका मुलीचा फोन आला, सर म्हणाली. भोसरीत मला शेठ म्हणतात, मामा म्हणतात, ओ पावणं म्हणतात, सर पहिल्यांदाच कोणी म्हणत होतं. तिने विचारलं कार्ड पाठवू का, मी म्हटलं पाठवा. ती म्हणाली, सर, तुमची सगळी माहिती आमच्याकडे आहेच, तुम्हाला काही भरायची गरज नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा, दाजी, सगळं पाणी इथेच मुरलंय. कार्ड आलं ते काळंभोर, देखणं, आणि त्याची मर्यादा बघून मला वाटलं ते दुसऱ्याच कोणा दत्तोबाचं आहे. मी ते कपाटाच्या तिजोरीत देवाच्या फोटोमागे ठेवून दिलं. आता हिशेब सरळ होता. आज कार्डावर कर भरायचा, कार्डवाले दीड महिना थांबतात, तोवर चाकणचे पैसे येतात, ते कार्डवाल्यांच्या तोंडावर मारायचे. शिवाय एवढ्या मोठ्या रकमेवर पॉइंट मिळतात आणि पॉइंटांवर चाकांची बॅग मिळते, असं पुस्तिकेत चित्र होतं. मी बॅगेच्या आनंदात होतो. वर्षालीने हिशेब करून दाखवला की कार्डाने भरण्याची जी जादा फी लागते, तेवढ्यात बाजारात बॅग येते, वर छत्री. मी तिला म्हटलं, तू तुझं टायपिंग कर.

आणि इथून दाजी, माझे ग्रह फिरले. नोटीस आली त्याच आठवड्यात खंडेनवमी होती. तुम्हाला सांगायला नको, कारण हा गाळा झाल्यापासून दरवर्षी आमचा खंडेनवमीचा पहिला नारळ तुमच्या हाताने फुटलाय. लेथ धुऊन पुसून झेंडूची माळ, पुढे पाटावर व्हर्नियर, मायक्रोमीटर, चकची चावी, हातोडी, सगळं ओळीने. यंदा मी म्हटलं, आता आपलं खरं हत्यार हेच, आणि कार्ड आणून बरोबर मधोमध मांडलं. विजयश्रीने हत्यारांना हळदकुंकू वाहिलं तसं कार्डालाही वाहिलं, पाच बोटं, ओल्या कुंकवाची, आणि नेमकी त्या सोनेरी चौकोनावर. (तो चौकोन म्हणजे कार्डाचं काळीज. हे मला नंतर कळलं.) मग नारळ. तुम्ही एका फटक्यात दोन भकलं करता, पाणी तांब्यात. मी पहिला फटका मारला, नारळाला काही नाही, अंगठ्याला लागलं. दुसरा मारला, नारळ पाटाखाली गेला. तिसऱ्याला तो फुटला म्हणण्यापेक्षा उडाला, आणि सगळं पाणी पाटावर. माऊली खाली बघत होता. पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायचं नाही ही आपली रीत, म्हणून कार्ड दुसऱ्या दिवसापर्यंत नारळाच्या पाण्यात आणि कुंकवात न्हात पडलं. तुम्ही असता तर हे झालं नसतं, एवढंच नोंदवून ठेवतो. आरोप नाही.

दसरा झाल्यावर मी इस्त्रीचा शर्ट घालून कर भरायच्या खिडकीवर गेलो. खिडकीतले गृहस्थ भले होते. त्यांनी कार्ड मशिनीत घातलं, काढलं, परत घातलं, स्वतःच्या बाहीला पुसलं, परत घातलं. मशीन म्हणे कार्ड ओळखतच नाही. त्यांनी कार्ड नाकाशी नेलं आणि मला विचारलं, साहेब, याला वास कसला येतोय? मी म्हटलं, पूजेत होतं. मागच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी ऐकून कार्डाला हात जोडले. गृहस्थ म्हणाले, साफ करून आणा. बस्स, एवढंच म्हणाले. कसं साफ करा ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही पडलो वर्कशॉपवाले.

संपर्काच्या जागी मळ बसला तर काय करायचं हे भोसरीत शेंबड्या पोरालाही विचारायची गरज नाही. माऊलीने बारीकातला बारीक पॉलिश पेपर घेतला, कार्ड ओल्या फडक्यावर धरलं आणि गोल गोल हलक्या हाताने असा काही फिरवला की मी बघत राहिलो. कुंकू गेलं. हळद गेली. मग माऊलीला काम रंगलं, त्याने वरून बफ मारला. चौकोन आरशासारखा लखलखला आणि मग लखलखायचा थांबला, कारण सोनेरी जे होतं ते सगळं पेपरवर आलं होतं. माऊलीने पेपर मला दाखवला. बावीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, एक जॉब कधी रिजेक्ट झाला नाही त्याचा, त्याने पहिल्यांदाच मला म्हटलं, शेठ, जास्त घेतलं वाटतं. त्याची काय चूक? मीच पुढे उभा राहून, अजून जरा, अजून जरा, म्हणत होतो.

नवीन कार्ड मागवावं तर ते मुदतीच्या आत येणार नाही. पण वर्षाली म्हणाली, मामा, कार्डाचा चौकोन गेला तरी वरचे नंबर शाबूत आहेत, ऑनलाइन भरू, मशिनीत घालायची गरजच नाही. मला तर तिला साडीच घ्यावीशी वाटली. गेल्या शनिवारी ती कॉम्प्युटरवर बसली, तिने गाळ्याचा नंबर घातला, कार्डाचा नंबर घातला, बटण दाबलं आणि म्हणाली, आता तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल, तो सांगा. मी मोबाइल हातात घेऊन उभा. येईना. रेंज नसेल म्हणून बाहेर रस्त्यावर गेलो, मग स्टुलावर चढलो, मग त्या माळ्यावर चढलो आणि मलाही टेंगूळ आलं. दहा मिनिटं झाली की तो ओटीपी मरतो, मग परत बटण. असं तीनदा झाल्यावर वर्षालीने पडद्यावर बारीक अक्षरात वाचलं की ज्या मोबाइलवर पाठवलाय त्याचे शेवटचे अंक चार-सात आहेत. माझे सात-चार. मी म्हटलं, त्यांनी उलटे लिहिलेत. वर्षाली म्हणाली, ते असं उलटं लिहीत नाहीत मामा. तेवढ्यात विजयश्री डबा घेऊन आली, तिने एकदा पडद्याकडे बघितलं, डबा ठेवला आणि म्हणाली, हा तर दाजींचा नंबर.

दाजी, मला सगळं आठवलं. खातं उघडायच्या दिवशी माझा मोबाइल, मी तेव्हा कामाला होतो त्या कारखान्यातल्या कूलंटच्या (मशीन थंड ठेवायच्या पाण्याच्या) टाकीत पडला होता. पहिलं लेथ घ्यायचं होतं, बँकवाला ओळख मागत होता, तुम्ही कुरुळीहून भाजीच्या टेम्पोत बसून आलात, ओळखीची सही केलीत, आणि मोबाइलच्या रकान्यात माझ्याकडे लिहायला नंबर नाही म्हटल्यावर तुम्ही तुमचा सांगितलात. म्हणालात, ऱ्हाऊ दे, माझा काय अन् तुझा काय. तेव्हापासून माझ्या खात्यात रुपया आला तरी टुंग तुमच्याकडे वाजतं. पैसे आले की तुमचा फोन यायचा, दत्ता, आज मटणाला बोलव. गेले की फोन यायचा, अरं एवढं कशाला काढलं? मला त्याची सवय झाली होती. मला वाटायचं खात्याची पद्धतच अशी असते.

तुमचा नंबर आहे हे कळल्यावर मी वर्षालीला आणखी दोन-तीनदा बटण दाबायला लावलं. का लावलं ते विचारू नका, मला स्वतःला सांगता येत नाही. शेवटी पडद्यावर लाल अक्षरं आली की कार्ड आजच्यापुरतं बंद. आणि दुसऱ्या दिवशी माऊली कामावर आला तो तुमचा निरोप घेऊन. (तुमच्या खोलीत भाड्याने राहतो आणि माझ्याकडे काम करतो, त्याची बिचाऱ्याची अवस्था बघा.) म्हणाला, खोलीमालक रात्री दारात आले, म्हणाले, तुझ्या शेठला म्हणावं, सकाळधरनं मेसेज येत्यात, आकडा लई मोठा हाय, त्याला कुणी फसवत न्हाई ना? मला आधी राग आला. म्हटलं माझा आकडा मोठा असायला काय झालं? मग मी बाहेर जाऊन उभा राहिलो. बबनराव विचारायला आले, सील लागलं का?

आता विषय निघालाच आहे तर लिहून टाकतो, म्हणजे माझ्याही डोक्यातून जाईल. अक्षय्य तृतीयेला आरोहीचा साखरपुडा. तुमच्या अंगणात मांडव, व्याही मंडळी आलेली, मुलाचे काका हिंजवडीच्या आयटीतले, गळ्यात कंपनीचा पट्टा घालूनच आलेले. त्यांनी मला विचारलं, मामा काय करतात? मी म्हटलं, इंजिनीअरिंग, भोसरीला युनिट आहे, आता चाकणला दुसरं टाकतोय. माणूस मांडवात असं बोलतो, दाजी. भाचीच्या सासरी मामाचं वजन पडावं म्हणून बोलतो. आणि तेवढ्यात तुमच्या खिशात टुंग झालं. तुमची सवय, आलेला मेसेज हातभर लांब धरून अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचायची. किमान शिल्लक नसल्यामुळे दंड आकारला. वाचलंत, आणि वर मान करून अख्ख्या मांडवाच्या पलीकडून मला हाक मारलीत, दत्ता, तुझ्या खात्यात शिल्लक न्हाई म्हणत्यात, कमी पडत असलं तर सांग की रं. अर्धा मांडव हसला. पट्टेवाल्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. मला आता कळतं की तुम्ही मदतच करायला निघाला होता. पण तेव्हा ताटात बासुंदी वाढली होती आणि मला काही दिसेना झालं. मी उठलो. तुम्ही फाटकापर्यंत आलात, अरं जेवून तर जा, म्हणालात. मी गाडीला किक मारली. तेव्हापासून तुमचा फोन नाही, माझा नाही. तुळशीच्या लग्नानंतर आरोहीचं लग्न आहे, पाठीशी मामा म्हणून उभं राहायचं ते मी राहायचं की दुसरा कोणी बघितलाय, हेही मला कोणी सांगत नाही. मी विचारतही नाही. फक्त विजयश्रीला रोज विचारतो की पत्रिका छापून आल्या का.

असो. लिहायला लागलो की मला थांबता येत नाही. बँकेत जाऊन नंबर बदलायला हरकत नाही, पण तिथे फार रांगा असतात, कागद लागतात, दिवस जातात, आणि मुदत सोमवारची. तेव्हा काय होईल ते होईल. गाळ्याला सील लागलं तर लागलं, माझा डबा मी बाहेर काढून ठेवीन. तुम्ही काळजी करू नका आणि या पत्राला उत्तर देण्याचीही गरज नाही. ताईला नमस्कार, आरोहीला आशीर्वाद, पिल्लांना खाऊ. गुडघ्याला तेल लावत जावं.

तुमचा, बोलत नसलेला पण तुमचाच,
दत्तोबा

ता. क. : हे पत्र उद्या माऊलीच्या हाती पाठवतोय. आता लिहिलंच आहे तर एक बारीकशी गोष्ट. रविवारी दुपारी वर्षाली पुन्हा एकदा बटण दाबणार आहे. त्या वेळी तुम्ही मोबाइल चार्ज करून अंगणात, रेंज असते त्या चिंचेखाली, हातात धरून बसावं. माऊलीला मी त्या दिवशी कामावर बोलावलेलं नाही, तो तुमच्या शेजारी बसेल. ओटीपी आला की तुम्ही माऊलीला दाखवायचा, माऊली फोनवर वर्षालीला सांगेल, वर्षाली टाइप करेल. म्हणजे कर भरला जाईल आणि आपण दोघं बोललो असंही होणार नाही. मेसेजमध्ये लिहिलेलं असतं की हा आकडा कोणालाही सांगू नका. तुम्ही शब्दाचे पक्के, म्हणून मुद्दाम लिहितो, की जे सांगायचं नव्हतं ते तुम्ही मांडवात सांगून झालंय, तेव्हा हे एवढं सांगायला हरकत नाही.

ता. क. दुसरा : तुम्हाला मोठ्याने वाचायची सवय आहे. हे पत्र कृपया मनात वाचावं. आतापर्यंत मोठ्याने वाचलं असेल तर निदान इथून पुढे मनात वाचावं. पॉइंटांवर जी चाकांची बॅग मिळणार आहे ती आरोहीसाठी आहे. फीपायी ती महाग पडली तरी चालेल, भाचीच्या लग्नात मामाकडून काहीतरी फिरत्या चाकांचं असावं. आणि नारळाबद्दल वर जे लिहिलं ते मनाला लावून घेऊ नका. नारळच कठीण होता.

ता. क. तिसरा (अक्षर बदललं म्हणून घाबरू नका) : दाजींना विजयश्रीचा नमस्कार. यांनी पत्र चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. बँकेत रांग-बिंग काही नव्हती. बँक गाळ्याच्या समोर आहे, रस्ता ओलांडला की आली. मंगळवारी वर्षालीने नंबर बदलायचा कागद भरून दिला, हे घेऊन गेले, मी शटरमधून बघत होते. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, आता जुन्या नंबरवर एकही मेसेज जाणार नाही, चालेल ना? हे सही न करता कागद घेऊन परत आले. संध्याकाळी चहा पिताना आपणहूनच म्हणाले, तो नंबर काढला तर दाजींना माझं बरं-वाईट कळायचं कसं. गणपतीत पेढे घेतले तेव्हा खिशात रोख पैसे होते, तरी यांनी खात्याचं एटीएम कार्ड काढून दिलं आणि घरी येईपर्यंत मला दोनदा विचारलं, दाजींकडे मेसेज गेला असेल ना. तेव्हा माऊलीला काही दाखवू नका आणि चिंचेखालीही बसू नका. रविवारी मोबाइल घेऊन तुम्ही स्वतः या, वन्संना आणि आरोहीला घेऊन या. मटण करतेय, आणि एक नारळ तुमच्यासाठी ठेवलाय. पानं वाढून सगळ्यांची जेवणं होईपर्यंत ते बटण दाबायचं नाही, असं वर्षालीला बजावून ठेवलंय. त्या साखरपुड्याला हे उठून गेल्यावर तुम्हीही पानावर बसला नाहीत, हे वन्संनी मला त्याच रात्री सांगितलं होतं. यांना मी ते अजून सांगितलेलं नाही. तुम्ही दोघं शेजारी जेवायला बसलात की सांगेन.